पट आणि हजेरी

जून महिना उजाडला कीं गांवोगांवच्या प्राथमिक शाळांच्या दारांस तोरणें लागतात, नव्यानें दाखल झालेल्या मुलांच्या हातीं फुलें व पुस्तकें दिलीं जातात, आणि चार सन्माननीय गृहस्थांचीं भाषणें होऊन शाळाप्रवेशाचा उत्सव यथासांग पार पडतो. हा उत्सव व्हावा हें योग्यच आहे. ज्या समाजांत शे-दीडशें वर्षांपूर्वीं बहुसंख्य लोकांच्या मुलांस पाटीपेन्सिलीचें दर्शनही दुर्लभ होतें, त्या समाजानें प्रत्येक मुलाचें नांव पटावर चढल्याचा आनंद मानावा यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु लग्नाचा मांडव निराळा आणि संसार निराळा. जूनमध्यें पटावर चढलेलें नांव आणि जानेवारींतल्या एखाद्या सोमवारीं सकाळीं वर्गांत बसलेलें मूल यांच्यामध्यें किती अंतर पडलें, हा प्रश्न उत्सवांत कोणी विचारीत नाहीं. आणि आमच्या मतें प्राथमिक शिक्षणाचा आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची मागणी महाराष्ट्रास नवी नाहीं. सन १८८२ मध्यें हंटर शिक्षण आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सामान्य जनतेचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें स्पष्ट म्हटलें होतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग करून पाहिला व १९०६ मध्यें ती पद्धत सर्व संस्थानास लागू केली. नामदार गोखले यांनीं मार्च १९११ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. तें अत्यंत मवाळ होतें. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, आणि तीही स्थानिक संस्थांच्या इच्छेवर अवलंबून. तरी १९१२ च्या मार्चमध्यें तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं नामंजूर झालें. १९१७ मध्यें करवीरच्या शाहू छत्रपतींनीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि मुलांस शाळेंत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठेविला. १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस आपल्या हद्दींत सक्ती लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९५० च्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत पाळली गेली नाहीं. अखेर २००२ मधील शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, २००९ मध्यें त्याचा कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. फुल्यांच्या निवेदनापासून या दिवसापर्यंत १२८ वर्षें लोटलीं. इतक्या पिढ्यांच्या खटपटीनें मिळालेला हक्क आपल्याच घरांत, आपल्याच हयगयीनें, दर आठवड्यास एकेक दिवस करून गमावला जात असेल, तर त्याचा दोष परक्या राज्यावर टाकण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

या कायद्यांत 'सक्ती' या शब्दाचा अर्थ काय केला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचें आठवीपर्यंतचें शिक्षण पुरें होणें, या तिन्ही गोष्टी घडवून आणण्याचें बंधन सरकारवर आहे, असा तो अर्थ आहे. पहिली गोष्ट बहुतांशीं साधली. दुसरी साधल्यावांचून तिसरी होणें नाहीं, आणि दुसरीकडेच सर्वांचें दुर्लक्ष आहे. पटावरचा आंकडा किती फसवा असूं शकतो, हें ऑक्टोबर २०११ मध्यें महाराष्ट्र सरकारनें राज्यभर एकाच वेळीं केलेल्या पटपडताळणींत दिसून आलें. कागदावर ज्यांचीं नांवें होतीं परंतु वर्गांत ज्यांचा पत्ता नव्हता, अशीं मुलें लाखांनीं निघालीं. खोटीं नांवें लिहून अनुदान लाटणें हा उघड गुन्हा आहे व त्याविषयीं येथें अधिक बोलण्याचें कारण नाहीं. आमचा रोख त्या खऱ्या मुलांकडे आहे, ज्यांचें नांव खरें, प्रवेश खरा, परंतु हजेरी अर्धीमुर्धी. खोटें नांव पडताळणींत सांपडतें. असें मूल कोणत्याही पडताळणींत सांपडत नाहीं, कारण त्या दिवशीं तें नेमकें हजर असतें.

आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढें हा हिशेब त्यांच्याच रीतीनें मांडतों. कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या वर्गांचें काम वर्षांतून निदान २०० दिवस चाललें पाहिजे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे सुमारें ३३ आठवडे होतात. एखादें मूल आठवड्यांतून एकच दिवस घरीं राहतें असें समजा. आजीस तो दिवस कांहींच वाटत नाहीं, वडिलांच्या तो ध्यानांतही येत नाहीं. वर्षाअखेर ते ३३ दिवस होतात. म्हणजे सहावा हिस्सा गेला. पांच वर्षांच्या हजार दिवसांतून १६५ दिवस वजा झाले. दाखल्यावर पांच यत्ता लिहिल्या गेल्या. मुलाच्या पदरीं चार यत्ता आणि पांचवीचे अवघे पस्तीस दिवस पडले. मुद्दलांत सहाव्या हिश्श्याची तूट आलेली असतां कोणता दुकानदार पाडव्यास वहीपूजन करून समाधानानें नवें खातें उघडील? रोजमेळांत चार आण्यांचा फरक पडला तर रात्रीं दिवा लावून तो शोधून काढणारे सावध गृहस्थ आपल्या मुलाच्या हजेरीचें पान वर्षांतून एकदांही पाहत नाहींत, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाहीं काय?

तरीही हा हिशेब नुकसानाचा खरा आंकडा दाखवीत नाहीं. दुकान एक दिवस बंद राहिलें तर त्या दिवसाची विक्री बुडते. दुसऱ्या दिवशीं माल फळीवर जसाच्या तसा असतो. लहान मुलाच्या विद्येचें तसें नाहीं, कारण तेथें आजचा धडा कालच्या धड्यावर उभा असतो. ज्या दिवशीं वर्गांत वेलांटी शिकविली त्या दिवशीं जें मूल आलें नाहीं, त्यास दुसऱ्या दिवशींच्या वाक्यांतील निम्मे शब्द परके वाटतात. ज्या दिवशीं बेरजेंतील 'हातचा' समजावून दिला तो दिवस हुकला, कीं पुढील पंधरा दिवसांचीं सारीं गणितें चुकतात. आणि आपण कां चुकतों हें त्या अजाण जिवास कळत नाहीं. मोठा विद्यार्थी चुकलेला भाग मित्राच्या वहींतून उतरून घेतो. सहा-सात वर्षांच्या मुलास तें कोठून साधावें? त्यास एवढेंच समजतें कीं इतरांस येतें आणि आपणांस येत नाहीं. मग पोटांत दुखूं लागतें, शाळेची वाट लांब वाटूं लागते, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीच्या पोटीं चार दिवसांची गैरहजेरी जन्मास येते. आठवी-नववींत शाळा सोडणाऱ्या मुलांविषयीं आपण मोठी हळहळ व्यक्त करतों. त्यांतील कित्येकांची शाळा पहिली-दुसरींतच सुटूं लागलेली असते.

गैरहजर मुलाचें नुकसान त्याच्यापुरतें राहत नाहीं. तीस मुलांच्या वर्गांत रोज पांचसहा मुलें आलीं नाहींत, आणि तींही रोज निराळीं असलीं, तर शिक्षकानें करावें काय? मागील धडा पुन्हा घ्यावा तर नियमित येणारीं मुलें कंटाळतात. पुढें जावें तर मागें पडलेलीं कायमचीं मागें राहतात. म्हणजे जो पालक आपल्या मुलास नेमानें पाठवितो, त्याच्या मुलासही शेजाऱ्याच्या हयगयीचा भुर्दंड भरावा लागतो.

वर्ग न भरतां यत्ता चढत गेल्यास काय होतें, याचा अनुभव सर्व महाराष्ट्रास एकदां आला आहे. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, त्या ग्रामीण भागांत पहिली ते चौथीच्या वर्गांसाठीं डिसेंबर २०२१ मध्यें उघडल्या. या काळांत हजारों मुलें पहिलींत दाखल झालीं आणि वर्गाचा उंबरठा न ओलांडतां दुसरींत गेलीं. पटावर तीं नियमाप्रमाणें पुढें सरकलीं. अक्षरें मात्र जागच्या जागीं राहिलीं. तेव्हां सर्वांवर ओढवलेला प्रसंग अपरिहार्य होता. परंतु नेहमींच्या दिवसांत जें मूल तुकड्यातुकड्यांनीं घरीं ठेवलें जातें, त्याच्यावर तोच प्रसंग आपण जाणूनबुजून आणतों.

आतां कारणांकडे वळूं. तीं एका जातीचीं नाहींत, आणि सर्वांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या दुष्काळी मुलखांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुलांस मागें कोणाजवळ ठेवावें हा प्रश्न सुटत नाहीं, म्हणून तीं गाडीवर चढतात. उन्हाळ्याच्या तोंडीं तीं परततात तेव्हां अर्धें शालेय वर्ष सरलेलें असतें. फडावर थोरली मुलगी धाकट्यास सांभाळते, आणि तिचें नांव गांवच्या पटावर शाबूत असतें. वीटभट्टीवर जाणाऱ्यांची कथा याहून निराळी नाहीं. या आईबापांस शिक्षणाचें महत्त्व सांगण्यास जाणें म्हणजे उपाशी माणसास अन्नाचे गुण सांगण्यासारखें आहे. त्यांस महत्त्व कळतें. त्यांस उपाय हवा आहे.

परंतु आमच्या शहरांतील पक्क्या घरांत राहणाऱ्या मंडळींचें काय? येथें पोटाची अडचण नाहीं. मामेबहिणीचें लग्न आलें कीं आधीं चार दिवस व नंतर दोन दिवस शाळा बुडते. रविवारास जोडून सण आला तर मधला दिवस आपणच सुटीचा ठरवितों. पाहुणे आले, रात्रीं जागरण झालें, पाऊस पडला, गणवेश वाळला नाहीं, अशीं कारणें पुरेशीं होतात. आणि सर्वांच्या मुळाशीं एकच समजूत असते कीं 'अजून लहान आहे, पहिलींत असें काय मोठें बुडतें?' हीच मंडळी दहावीच्या वर्षीं घरांतील बोलणें बंद करून मुलास कोंडून अभ्यासास बसवितात आणि शिकवणीवर सढळ हातानें खर्च करतात. पाया खणतांना गवंड्यास सुटी द्यावी आणि कळस चढवितांना सोन्याचा मुलामा द्यावा, असा हा प्रकार आहे. मुलींच्या वांट्यास तर याहून अधिक येतें. घरांत आई आजारी पडली कीं भाऊ शाळेंत जातो व बहीण घरीं राहते. ज्या पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ मध्यें मुलींची शाळा उघडली, त्या पुण्याच्या प्रांतांत हें अद्याप चालावें ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, व तो आम्ही टाळूं इच्छित नाहीं. 'मुलास पाठवावें तर शाळेंत शिकवितात काय? गुरुजी जागेवर असतात काय?' असें पुष्कळ पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. जनगणना, निवडणूक व आपत्तिनिवारण यांवांचून इतर अशैक्षणिक कामें शिक्षकांवर लादूं नयेत असें कायदा सांगतो; तरी नाना तऱ्हेचीं पत्रकें भरण्यांत त्यांचा दिवस जातो ही त्यांची तक्रार जुनी आहे. मुलांस मारणें व त्यांचा मानसिक छळ करणें कायद्यानें निषिद्ध आहे. तरी छडीची भीति सर्व शाळांतून गेली असें म्हणवत नाहीं. जेथें मुलींसाठीं पाण्याची व शौचालयाची सोय नाहीं तेथें मुली येत नाहींत याचें नवल करूं नये. हे दोष दूर झालेच पाहिजेत. परंतु शाळा वाईट म्हणून मूल घरीं ठेवल्यानें शाळा सुधारत नाहीं. रिकाम्या बांकांपुढें चुकार शिक्षकाचें फावतें व चांगल्याचा उत्साह मावळतो. भरलेल्या वर्गाच्या पालकांस जाब विचारतां येतो. ज्यानें स्वतःचें मूल महिन्यांतून आठ दिवस घरीं ठेवलें, तो कोणत्या तोंडानें विचारणार?

दंडाचा उपाय पुन्हा आणावा असें म्हणणारे कांहीं लोक आहेत. बडोद्यास व करवीरास दंड ठेवावा लागला तो काळ वेगळा होता. शाळा म्हणजे काय हेंच पुष्कळांस पटवून द्यावयाचें होतें. आजच्या कायद्यानें मुलास दाखल करणें हें पालकाचें कर्तव्य ठरविलें आहे, परंतु त्यापायीं शिक्षा सांगितलेली नाहीं, आणि आमच्या मतें तें शहाणपणाचें आहे. दंड बसला तर तो ऊसतोड्यावर बसेल. लग्नासाठीं आठवडा बुडविणारा तो हंसत भरून मोकळा होईल. हजेरी वाढविणारे उपाय दुसरेच आहेत, आणि ते अनुभवानें सिद्ध झालेले आहेत. मद्रास प्रांतांत कामराज यांच्या कारकीर्दींत १९५६ मध्यें शाळेंत दुपारचें जेवण सुरू झालें. १९९५ मध्यें देशव्यापी योजना आली. आणि २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें शिजविलेलें अन्न देणें बंधनकारक झालें. ताटांत गरम खिचडी पडते त्या दिवशीं गरिबाचें मूल घरीं राहत नाहीं. बोर्डी येथें १९४५ मध्यें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं कामास आरंभ केला, व पुढें कोसबाडच्या डोंगरावर त्यांना दिसलें कीं आदिवासी मुलें गुरें राखण्यास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत. त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. गुरें चरतात त्या कुरणांतच त्यांनीं शाळा भरविली, व तिला कुरणशाळा असें नांव पडलें. मूल येऊं शकत नसेल तर शाळेनें चार पावलें पुढें जावें, हा धडा आमच्या शिक्षणखात्यानें कधीं विसरूं नये.

म्हणून आमच्या सूचना थोड्या व सरळ आहेत. सरकारास आमचें सांगणें असें कीं ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं जीं हंगामी वसतिगृहें असतात, तीं गाड्या गांवाबाहेर पडण्यापूर्वीं सुरू झालीं पाहिजेत. आईबाप निघून गेल्यावर महिन्यानें मंजुरी आली तर ती कोणाच्या उपयोगाची? आज्याच्या भरवंशावर मूल मागें ठेवावयाचें कीं बरोबर न्यावयाचें, हा निर्णय घरांत दसऱ्याच्या आधींच होतो. जेवणाची खात्री त्यापूर्वीं मिळाली पाहिजे. जीं मुलें तरीही जातील, त्यांचें नांव कारखान्याच्या जवळच्या शाळेंत त्याच आठवड्यांत लागावें, व परत आल्यावर तेथील हजेरी इकडे धरली जावी.

शाळा व्यवस्थापन समितींत कायद्यानें तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. या समितीनें दरमहा पटाचा आंकडा वाचणें सोडून हजेरीचा आंकडा वाचावा. जें मूल लागोपाठ तीन दिवस आलें नाहीं त्याच्या घरीं समितींतील एका बाईनें जाऊन यावें. धाक दाखविण्यासाठीं तिनें जाऊं नये. काय अडलें आहे तें विचारण्यासाठीं जावें. पुष्कळदां ताप असतो, आणि तापाच्या मुलास घरीं ठेवणेंच योग्य. पण कधीं चप्पल तुटलेली असते, कधीं घरांत तान्हें असतें, आणि कधीं वर्गांत कोणी चिडविलेलें असतें. यांतील निम्म्या अडचणी एका भेटींत सुटण्यासारख्या असतात.

व्यापारी बंधूंस आमची विनंति अधिक आग्रहाची आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यांत कामावर ठेवणें हा गुन्हा आहे. घरच्या दुकानांत मुलानें हातभार लावावयाचा तर तो शाळा सुटल्यावर किंवा सुटींत, एवढीच मुभा कायद्यानें ठेविली आहे. बाजाराच्या दिवशीं गल्ल्यावर बसविलेला आठ वर्षांचा मुलगा हिशेबांत हुशार होतो, असें पुष्कळांस वाटतें. तो सुटे पैसे मोजण्यांत हुशार होतो. व्याजाचा दर, कराचें विवरण आणि कराराची भाषा त्यास शाळेवांचून येणार नाहीं, व उद्यांचा व्यापार त्यांवरच चालणार आहे. आणि आपल्या दुकानांत, गोदामांत वा घरांत जे स्त्रीपुरुष काम करतात त्यांच्या मुलांची चौकशी करणें हेंही मालकाचें काम आहे. सकाळीं मुलास शाळेंत पोंचवून येण्यासाठीं मोलकरणीस अर्धा तास उशीर झाला तर तो पगारांतून कापूं नये. असा अर्धा तास देणाऱ्यास कांहीं फार खर्च येत नाहीं. घेणाऱ्याच्या मुलाची यत्ता वांचते.

राहतां राहिले आपण पालक. लग्नाची तिथि सुटींत धरणें, यात्रा सुटींत करणें, रात्रीं मुलास वेळेवर निजविणें, आणि दर शनिवारीं 'या आठवड्यांत किती दिवस गेलास?' एवढें विचारणें, यांस सरकारचा हुकूम लागत नाहीं, पैसाही लागत नाहीं. गोखल्यांचें बिल तेरा मतांवर पडलें, कारण त्या वेळीं आपल्या मुलांविषयींचा निर्णय दुसऱ्यांच्या हातीं होता. आज तो निर्णय रोज सकाळीं प्रत्येक घराच्या उंबरठ्यावर होतो, आणि तेथें मत देणारे केवळ आपणच आहों. येत्या जूनमध्यें तोरणें लागतील तेव्हां आमच्या वाचकांनीं उत्सवास अवश्य जावें. पण शाळेंत पुन्हा एकदां जानेवारींत जावें, हजेरीचें पुस्तक मागून घ्यावें, व आपल्या मुलाच्या नांवापुढील रकाने स्वतः मोजावे.